खळग्यातले पाणसरू

"अण्णा, आमच्याबरोबर पुण्याला यायचं ना?" दादाने खाली वाकून विचारलं.

"नाही," अण्णा म्हणाले.

झालं ना समाधान, अशा नजरेने मी दादाकडे पाहिलं. पण दादा पडला इंजिनिअर. एकदा मोजून त्याचं कधी भागत नाही. त्याने खुर्ची आणखी पुढे ओढली.

"मग इथंच राहायचं? पाचगणीलाच?"

"नाही."

"बरं, चहा घेणार?"

"नाही," म्हणत अण्णांनी डावा हात पुढे केला, माझ्या हातातला कप घेतला आणि आवाज करत पहिला घोट घेतला.

दादा माझ्याकडे वळला. "बघ मंदा. आता तूच सांग, यातलं कुठलं 'नाही' खरं धरायचं?"

मी चिडले. "कप खाली सांडेल, आधी रुमाल दे त्यांच्या मांडीवर," एवढं बोलून मी स्वयंपाकघरात निघून गेले. तिथे नलिनीवहिनी पोह्यांसाठी कांदा चिरत होती. भिंत पातळ होती, तिला सगळं ऐकू आलं होतं.

अण्णांना ऑक्टोबरात अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली. साताऱ्याच्या हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता, 'नाही'. भूक लागली का, नाही. दुखतंय का, नाही. मी कोण, ओळखलंत का, नाही. आणि हे कोणाचं व्हावं? पाचगणीच्या बाजारात ज्यांचा फोटो स्टुडिओ होता, बोर्डिंगातल्या पोरांच्या सगळ्या पिढ्यांना ज्यांनी 'हनुवटी खाली, खांदे मागे, हसू नका' म्हणून दटावलं, त्या माझ्या अण्णांचं. बोलायला लागले की समोरच्याला मध्ये शिरायला फट मिळायची नाही. आई असताना म्हणायची, यांच्यापुढे रेडिओसुद्धा दमतो.

डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की त्यांना किती समजतंय ते नक्की सांगता येत नाही. दादाने त्यातलं 'समजत नाही' तेवढं उचललं आणि मी 'सांगता येत नाही' तेवढं. तीन महिने आमचं भांडण त्यावरच चाललं होतं. मी कराडच्या शाळेत शिकवत होते. बिनपगारी रजा काढून अण्णांजवळ येऊन राहिले होते. ती रजा आता संपत आली होती. दादाने ठरवलं होतं, अण्णांना पुण्याच्या फ्लॅटवर न्यायचं आणि हे घर बंद करायचं. उद्या सकाळी निघायचं. गाडी दारात उभी होती.

दादा दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं. पण त्या माणसाने हॉस्पिटलात अण्णांची अंथरुणं स्वतः धुतली होती. त्याला वाटत होतं की आपण आपल्या बापासाठी सर्वांत बरं तेच करतो आहोत, आणि अशा माणसाशी भांडताना फार दम लागतो.

मला एवढंच हवं होतं की अण्णांना विचारल्याशिवाय त्यांना त्यांच्या घरातून उचलू नये. आणि विचारायची सोयच राहिली नव्हती.

पोहे झाले तेव्हा मागच्या बाजूने हाक आली. "ताई, मुरूम आलाय. वर टाकला. आता खाली ती झाडं उपटायला घिऊ का?"

धोंडिबा होता. गावातली बागेची, खणायची, तोडायची कामं तो करायचा. दादाने त्याला मागचा खळगा बुजवायला सांगितलं होतं.

त्या खळग्याचं सांगायला हवं. आमच्या घरामागे उतार आहे आणि उतारावर एक झरा. बारमाही पाझरतो. ते पाणी खाली खळग्यात साचायचं आणि तिथे काहीही लावलं तरी टिकायचं नाही. अण्णांनी फणस लावला, तो मुळातून कुजला. सिल्व्हर ओक लावले, ते पिवळे पडून गेले. पेरूनेसुद्धा हात टेकले. शेवटी अण्णांनी जिद्दच धरली की याच चिखलात झाड उभं करून दाखवीन. डेहराडूनला त्यांचे एक जुने स्नेही वनखात्यात होते, त्यांच्याकडून त्यांनी कसल्याशा परदेशी सायप्रसची, म्हणजे सरूच्या जातीची, रोपं मागवली. अण्णांनी त्याचं बारसं केलं, पाणसरू.

ती रोपं आली तेव्हा मी सुट्टीला इथेच होते. गोणपाटात गुंडाळलेली डझनभर रोपं अंगणात मांडून अण्णा निवड करत बसले. मी उंच, सरळ, देखणी रोपं पुढे करत होते आणि ते ती बाजूला टाकत होते.

"वरचं काय बघतेस? बूड बघ, बूड. नवरामुलगा निवडतानाही हेच केलंस म्हणून राहिलीस अशी."

"मी निवडलाच नाही कोणी."

"तेच म्हणतोय."

शेवटी त्यांनी बुडाशी जाड, वरून जरा बेंगरूळ अशी तीन रोपं निवडली आणि खळग्यात लावली. मग खालच्या अंगाला दगडमातीचा बांध घालून झऱ्याचं पाणी तिथेच अडवलं. मी म्हटलं, "अण्णा, आधीच चिखल, त्यात पाणी कशाला अडवताय? कुजतील ना." ते नुसते हसले. म्हणाले, "हिवाळ्यात ये. गंमत दाखवतो."

हिवाळ्याच्या आधीच मला यावं लागलं. त्यांना हॉस्पिटलातून आणलं तोवर पाणसरूंची ती पिसासारखी हिरवी पानं तांबडी पडली होती. महिन्याभरात ती झडली आणि चिखलात तीन काटक्या उभ्या राहिल्या. सायप्रसच्या जातीचं झाड, ते बारा महिने हिरवं असणार. त्याची पानं झडली म्हणजे ते मेलं, हे आम्हाला कोणी सांगायला नको होतं. दादाने पानं तांबडी पडलेली पाहिली त्याच दिवशी कुदळ घेतली, बांध फोडला आणि पाणी वाहून जायला चर खणली. ऑफिसात बसणारा माणूस, हाताला फोड आले. "अण्णांची झाडं वाचतील तर बघतो," म्हणाला. वाचली नाहीत.

अण्णांची कॉट मागच्या खिडकीशी होती. खिडकीतून खळगा दिसायचा. तिकडे पाहिलं की अण्णा डाव्या हाताने खिडकीची चौकट बडवायचे आणि "नाही, नाही, नाही" सुरू व्हायचं. घामाघूम होईपर्यंत. मग वहिनी डोळ्यांत पाणी आणून पडदा ओढायची. "बघवत नाही हो त्यांना ती वाळलेली झाडं," ती म्हणायची. पडदा ओढला की अण्णा भिंतीकडे तोंड करून पडायचे. शेवटी दादा म्हणाला, जाताना ती झाडंच काढून टाकू, खळगाही बुजवू. डास तरी होणार नाहीत.

तर त्या सकाळी आम्ही अण्णांना मागच्या ओसरीवर खुर्चीत बसवलं. धोंडिबा पायऱ्यांवर उभा होता.

"धोंडिबा, खरंच गेली का रे ती?" मी विचारलं.

त्याने तिथूनच मान वळवून खाली पाहिलं. "ताई, गेल्याली झाडं हायती ती. पाण्यानं मुळं खाल्ली. आता काय व्हायचं न्हाई."

"ऐकलंस?" दादा म्हणाला. मग धोंडिबाला म्हणाला, "आधी मुरूम खाली आण, मग उपट. म्हणजे लगेच बुजवता येईल." धोंडिबा घमेलं घेऊन वर गेला.

"अण्णांना एकदा विचार तरी," मी म्हटलं.

"काय विचारू? अण्णा, झाडं काढू? नाही. झाडं ठेवू? नाही. अजून किती वेळा तोच खेळ करायचा?"

"त्यांच्यासमोर असं बोलू नकोस."

"मग आत चल."

आम्ही आत गेलो आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या भांडलो. ती भांडणं आठवायची म्हटली तरी अजून अंग तापतं. मी म्हटलं, त्यांना पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन काय करणार, गॅलरीत वाळत घालणार? तो म्हणाला, तुझी रजा संपली की इथे कोण बघणार, तो धोंडिबा? मी म्हटलं, मी नोकरी सोडते. तो म्हणाला, उद्या त्यांनाच कळत नसेल की तू कोण, तर तू कोणासाठी सोडणार? वहिनी म्हणाली, "अहो, हळू." मी ताटली आपटली. पोहे जमिनीवर पडले आणि ते गोळा करायला कोणीच वाकलं नाही.

तेवढ्यात बाहेरून धोंडिबा ओरडला.

"ताई! अवो ताई! अण्णा खाली आल्याती!"

ओसरीवरची खुर्ची रिकामी होती. काठी खुर्चीशीच पडलेली. पायऱ्यांवर ओलसर मातीत घसरल्याच्या रुंद खुणा होत्या. ते एकेक पायरी बसून बसून उतरले होते. आणि खाली खळग्यात माझे अण्णा चिखलात बसले होते. धोतर सुटलेलं, उजवा पाय वाकडा पडलेला. डाव्या हाताने ते चिखल खरवडत होते आणि चरीत टाकत होते.

दादा दोन-दोन पायऱ्या उतरत धावला आणि अर्ध्यातच थांबला. त्याचा चेहरा असा पडलेला मी आईच्या वेळीसुद्धा पाहिला नव्हता.

"बघ," तो म्हणाला. आवाज फाटला त्याचा. "आता तरी बघ, मंदा. लहान पोरासारखे चिखलात खेळताहेत. अजून काय दाखवायचं राहिलं तुला?"

मला रडू फुटलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझीही खात्री पटली होती. संपलं, वाटलं. आपण तीन महिने नुसती आशा धरून बसलो होतो.

दादा खाली उतरला. "चला अण्णा, चला," म्हणत त्याने त्यांच्या काखेत हात घातला. अण्णांनी हिसडा मारला. "नाही!" दादाने पुन्हा धरलं. अण्णांनी मूठभर चिखल त्याच्या छातीवर मारला. "नाही! नाही!"

"धोंडिबा, पाय धर," दादा म्हणाला. धोंडिबा घमेलं ठेवून पुढे आला. वहिनी वरून रडत होती, "अहो, जपून, जपून."

आणि अण्णा ओरडता ओरडता वळले, हात लांब करून एक दगड ओढला आणि चरीच्या तोंडाशी ठेवला.

मी तो दगड पाहिला. त्याच्या खाली आणखी दोन मोठे दगड होते, एकमेकांना टेकवून नीट बसवलेले. त्यांच्या फटीत लहान दगड ठोकलेले होते आणि वरून चिखल दाबलेला. चरीतून येणारं पाणी तिथे आल्यावर थबकत होतं आणि मागे फिरत होतं.

"दादा, हात काढ," मी म्हणाले.

"काय?"

"हात काढ त्यांच्या अंगावरून! धोंडिबा, तूही मागे हो."

माझा आवाज असा लागला असावा की दोघेही मागे झाले. मी साडी खोचली आणि अण्णांच्या शेजारी चिखलात बसले. ते धापा टाकत होते. कपाळावरची शीर उडत होती. पण डावा हात थांबला नव्हता. दोन दगडांमध्ये एक फट राहिली होती, अंगठ्याएवढी, आणि तिच्यातून पाणी निसटत होतं. ते बोटांनी आजूबाजूला चाचपत होते.

मी जवळचा एक मोठा धोंडा उचलून त्यांच्यापुढे धरला.

"हा?"

"नाही," अण्णा म्हणाले आणि तो ढकलून दिला.

मी एक चपटा, लहान दगड उचलला. "हा?"

ते काही बोलले नाहीत. दगड माझ्या हातातून घेतला आणि फटीत बसवला.

मी मुद्दामच पुन्हा मोठा धोंडा धरला. "नाही." माती धरली, ओंजळभर, ओली. घेतली. फटीवर थापली. कोरडा मुरूम धरला, धोंडिबाच्या घमेल्यातला. "नाही!" आणि ते माझ्याकडे असे पाहायला लागले, जसे फोटोच्या वेळी मध्येच हलणाऱ्या पोराकडे पाहायचे.

"दादा," मी म्हणाले, "हे बांध घालताहेत रे. तू फोडलेला."

दादा तसाच उभा होता. मग बूट घातलेले, तसाच चिखलात उतरला आणि अण्णांच्या पलीकडे उकिडवा बसला. त्याने एक मोठा दगड उचलला. त्याला स्वतः मोजल्याशिवाय पटणार नव्हतं, आणि त्याचा मला त्या वेळी राग आला नाही.

"अण्णा, हा?"

"नाही."

त्याने लहान दगड पुढे केला. अण्णांनी घेतला. बसवला. मग दादाच्या हाताकडे पाहिलं आणि वाट पाहू लागले, पुढचा दे म्हणून. दादा देत गेला. नको तो दगड दिला की "नाही" यायचं, हवा तो दिला की हात यायचा. एकदाही चूक झाली नाही. दादाच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसायला थांबत नव्हता. आम्ही तिघांनी मिळून ती चर बुजवली. खळग्यात पाणी चढायला लागलं. एका काटकीच्या बुडाशी आलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

अण्णांनी मागे रेलून ते पाहिलं. मग जवळच्या पाणसरूकडे हात नेला आणि अंगठ्याच्या नखाने त्याची साल खरवडली. धोंडिबा वाकून पाहू लागला.

"आयला," तो म्हणाला. "हिरवं हाय की आतनं!"

आतून ते ओलं, हिरवंगार होतं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. हिवाळ्यात ये, गंमत दाखवतो. पानं तांबडी करून, सगळी टाकून देऊन मेल्याचं सोंग घेणारं झाड त्यांनी मुद्दाम शोधून आणलं होतं. आम्ही फसणार, ते हसणार, असा त्यांचा बेत होता. त्याऐवजी आम्ही तीन महिने त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या झाडांचं पाणी तोडून ठेवलं होतं आणि त्यांना ते दिसू नये म्हणून पडदा ओढत होतो. मला तिथे बसल्या जागी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडावंसं वाटलं आणि मी रडलेही.

दादाने चिखलाचे हात शर्टाला पुसले. तो अण्णांच्या समोर आला आणि गुडघ्यांवर बसला.

"अण्णा," त्याने विचारलं, "पुण्याला यायचं?"

अण्णांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"नाही."

पुढचा प्रश्न मला पाठ होता. मग इथंच राहायचं? त्याचं उत्तरही मला ठाऊक होतं, कारण अण्णांकडे दुसरा शब्दच नव्हता. दगड असते तर त्यांनी उचलून दाखवलं असतं. पण घर उचलून हातात कसं देणार? दादाने तेवढं एक विचारलं असतं की सगळं पुन्हा सकाळच्या जागी गेलं असतं. वहिनीही पायरीवर रडायची थांबली होती.

दादाने तोंड उघडलं. अण्णा त्याच्याकडे पाहत होते. त्यांनाही ठाऊक होतं, याची मला आजही खात्री आहे. त्यांच्या डोळ्यांत भीती होती.

दादाने तोंड मिटलं.

"बरं," तो म्हणाला. मग धोंडिबाकडे वळला. "तो मुरूम वर रस्त्याच्या खड्ड्यांत टाक. इथे नको."

दुसऱ्या दिवशी गाडी अण्णांना न घेताच पुण्याला गेली. मी कराडची नोकरी सोडली आणि पुढे इथल्याच एका शाळेत लागले. फाल्गुनात तिन्ही पाणसरूंना पोपटी पालवी फुटली. दादा तेवढ्यासाठी पुण्याहून आला आणि अण्णांनी त्याला खिडकीतून बोट करून ती दाखवली. आता ती झाडं घराच्या कौलांवर गेली आहेत. चिखलातून त्यांच्या मुळांचे खुंट वर आले आहेत, दादाची नातवंडं त्यांना ठेचकाळतात आणि अण्णांच्या नावाने खडे फोडतात.

त्यानंतर अण्णा बरीच वर्षं जगले. शब्द तो एकच राहिला. दादा महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, त्यांच्याजवळ बसायचा आणि काहीबाही विचारत राहायचा, थंडी वाजतेय का, चहा देऊ का, पेपर वाचून दाखवू का. पुण्यानंतरचा तो दुसरा प्रश्न मात्र त्याने कधी विचारला नाही.